हबची खोली, खांबावरचा नोड आणि सर्व्हरवर गेलेले सीएमटीएस

अमेरिकेतील मोठ्या केबल कंपन्या सध्या आपले ब्रॉडबँडचे जाळे आतून जवळजवळ नव्याने बांधत आहेत. या कामाला ‘डिस्ट्रिब्युटेड अॅक्सेस’ असे नाव आहे आणि त्याच्या जोडीला ‘व्हर्च्युअलायझेशन’ हा शब्द हमखास येतो. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो जाहिरातीतला गिगाबिटचा आकडा. त्यामुळे हा सारा खर्च केवळ वेग वाढवण्यासाठी चालला आहे असा समज होतो. तो समज खोटा नाही, पण अपुरा आहे. मी न्यू जर्सीत राहतो आणि याच क्षेत्रात नेटवर्क अभियंता म्हणून काम करतो. माझे मत असे झाले आहे की, या बदलामागचा सर्वांत मोठा रेटा हबच्या, म्हणजे कंपनीच्या स्थानिक यंत्रकेंद्राच्या, खोलीतील जागेचा, तिथल्या विजेच्या बिलाचा आणि मध्यरात्री काम करणाऱ्या माणसांच्या वेळेचा आहे. वेगाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

हे समजण्यासाठी जुनी रचना थोडक्यात पाहावी लागेल. केबलचे जाळे मुळात टीव्हीसाठी, तेही एकाच दिशेने कार्यक्रम पाठवण्यासाठी उभे राहिले. पुढे नव्वदच्या दशकात हबपासून वस्तीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत कोअॅक्स, म्हणजे टीव्हीची धातूची जाड तार, अशी संमिश्र रचना रूढ झाली. फायबर जिथे संपते आणि कोअॅक्स सुरू होते तो खांबावरचा किंवा जमिनीवरच्या पेटीतला डबा म्हणजे नोड. १९९७ मध्ये डॉक्सिसचे पहिले मानक आले आणि त्याच तारेतून इंटरनेट देण्याची सर्वमान्य पद्धत तयार झाली. हबमध्ये सीएमटीएस नावाचे मोठे यंत्र असते. इंटरनेटकडून येणारी माहिती रेडिओ लहरींच्या रूपात तारेवर चढवणे, घरोघरीच्या मोडेमकडून येणारी माहिती उतरवून घेणे आणि कोणत्या मोडेमने कोणत्या क्षणी बोलावे याची पाळी लावणे, ही तिन्ही कामे तेच करते.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हबपासून नोडपर्यंत फायबर असले, तरी त्यातून शून्य-एकच्या स्वरूपातली माहिती जात नव्हती. तारेवरच्या संपूर्ण रेडिओ लहरीची जशीच्या तशी प्रकाशातली नक्कल जात होती. हे अॅनालॉग फायबर पुढे अनेक अडचणींचे मूळ ठरले.

एका नोडवरची सर्व घरे एकाच तारेवरची क्षमता वाटून घेतात. वापर वाढला की नोड ‘स्प्लिट’ करायचा, म्हणजे पाचशे घरांच्या एका गटाचे सव्वाशे घरांचे चार गट करायचे, हा केबलवाल्यांचा जुना आणि हुकमी उपाय आहे. वस्तीत फारशी खणाखणी न करता प्रत्येक घराच्या वाट्याला चौपट क्षमता येते, त्यामुळे कागदावर हा उपाय फारच स्वस्त वाटतो. पण त्याचा भार हबवर पडतो. प्रत्येक नव्या गटासाठी सीएमटीएसवर स्वतंत्र पोर्ट लागतो, स्वतंत्र लेझर लागतो, परतीच्या लहरींसाठी स्वतंत्र रिसीव्हर लागतो आणि टीव्हीचे चॅनेल, इंटरनेट, जुन्या सेट-टॉप बॉक्सचे नियंत्रण-संकेत व तंत्रज्ञांच्या चाचणीचे संकेत हे सगळे एकत्र करणारी कॉम्बायनरची एक नवी शाखा लागते.

ज्याने अशा हबमध्ये कॉम्बायनिंग रॅकची मागची बाजू पाहिली आहे, त्याला याहून वेगळे कारण सांगण्याची गरज नाही. बोटाएवढ्या जाडीच्या काळ्या कोअॅक्सच्या जुड्या छतापासून जमिनीपर्यंत उतरलेल्या असतात, प्रत्येकीवर पिवळी पडलेली लेबले असतात आणि त्यांतली काही लेबले ज्या नोडची आहेत तो नोड केव्हाच बदललेला असतो. एक कनेक्टर काढताना शेजारचा सैल होतो आणि कुठल्या तरी भलत्याच गल्लीतला टीव्ही बंद पडतो. ही खोली बहुधा टीव्हीच्या काळात घेतलेली असते. तिच्या भिंती सरकवता येत नाहीत, तिला मिळणारी वीज स्थानिक वीज कंपनीच्या जोडणीवर अवलंबून असते आणि यंत्रे जेवढी तापतात तेवढीच त्यांना थंड करणाऱ्या एसीचीही क्षमता वाढवावी लागते. नोडचे गट दुप्पट केले की हे सारे दुपटीच्या दिशेने जाते. अनेक ठिकाणी नोड फोडण्याचा निर्णय वस्तीतल्या गर्दीमुळे अडत नव्हता. हबमध्ये रॅक ठेवायला जागा नाही म्हणून अडत होता.

याच सुमारास अपलोडचा प्रश्नही ऐरणीवर आला. टीव्हीच्या काळातली आखणी अशी की, उत्तर अमेरिकेत घराकडून हबकडे येणाऱ्या लहरींना ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच चिंचोळा पट्टा मिळाला आणि त्याच्या वरचा जवळजवळ सारा पट्टा घराकडे जाणाऱ्या लहरींना. लोक प्रामुख्याने पाहत आणि उतरवून घेत होते तोवर हे खपून गेले. २०२० च्या साथीत घराघरांतून एकाच वेळी आईवडिलांच्या बैठका आणि मुलांचे वर्ग सुरू झाले आणि अपलोडची रहदारी एरवीच्या कितीतरी पट वेगाने वाढली. जाळे कोसळले नाही, हे मान्य करायला हवे. पण हा चिंचोळा पट्टा किती काळ पुरणार, हा प्रश्न त्यानंतर कोणालाच टाळता आला नाही. ‘हाय स्प्लिट’ म्हणजे परतीची मर्यादा ४२ वरून २०४ मेगाहर्ट्झपर्यंत नेणे, हा त्यावरचा उपाय आहे. त्यासाठी वाटेतला लहर वाढवणारा प्रत्येक अॅम्प्लिफायर उघडावा लागतो. आणि एवढा रुंद पट्टा परतीच्या अॅनालॉग लेझरवरून दूरच्या हबपर्यंत स्वच्छ पोहोचवणे महागात पडते.

अॅनालॉग फायबरची खोट इथे नडते. लेझरचा स्वतःचा गोंगाट, अंतरामुळे होणारी घट आणि ऋतुमानाप्रमाणे होणारा फरक हे सारे लहरीत मिसळत जाते. डॉक्सिस ३.१ मध्ये एका चिन्हात १२ बिट भरणारी ४०९६-क्वाम ही पद्धत आहे. आधीच्या २५६-क्वाममध्ये ८ बिट मावत. म्हणजे तेवढ्याच पट्ट्यात दीडपट माहिती. पण मानकाप्रमाणे ४०९६-क्वामसाठी मोडेमपाशी लहर गोंगाटापेक्षा सुमारे ४१ डेसिबलने वर असावी लागते. गोंगाटावरची ही अर्धी शिल्लक हब ते नोड या अॅनालॉग टप्प्यातच खर्च होत असेल, तर तारेच्या शेवटी असलेल्या घरापर्यंत एवढी स्वच्छता कशी उरणार? जमिनीतली कोअॅक्स तार आणखी बरेच काही देऊ शकते आणि तिच्या आधीचा टप्पाच तिला अडवतो, अशी ही विचित्र स्थिती होती.

त्यावरचे उत्तर म्हणजे रेडिओ लहर तयार करण्याचे काम हबमधून उचलून थेट नोडमध्ये नेणे. यालाच ‘डिस्ट्रिब्युटेड अॅक्सेस’ म्हणतात. केबललॅब्ज या उद्योगाच्या सामाईक संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘रिमोट फाय’ची (फाय म्हणजे प्रत्यक्ष लहर बनवणारा भाग) मानके प्रसिद्ध केली. या मांडणीमागे सिस्कोच्या जॉन चॅपमन यांचे मोठे काम आहे. यात हबपासून नोडपर्यंत साधे डिजिटल इथरनेट जाते, तेच जे कोणत्याही डेटा सेंटरमध्ये असते, आणि नोडमधले एक छोटे यंत्र त्यातून तारेवरची लहर बनवते. डिजिटल माहिती वाटेत झिजत नाही. ती पोहोचते किंवा पोहोचत नाही. त्यामुळे लहर जन्मतेच ती ग्राहकापासून काहीशे मीटरवर, आणि हबपर्यंतच्या अंतराचा तिच्या स्वच्छतेशी संबंध उरत नाही. एकाच फायबरवर वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशातून १० गिगाबिटच्या अनेक जोडण्या नेता येतात, म्हणून नोड फोडण्यासाठी नवे फायबर टाकण्याची गरजही बऱ्याच ठिकाणी टळते. आणि हबमधले लेझर, रिसीव्हर, कॉम्बायनर व त्या काळ्या जुड्या हे सगळे निघून त्यांच्या जागी इथरनेटच्या स्विचचे मोजके रॅक उरतात.

आता व्हर्च्युअलायझेशनकडे येऊ. ‘डिस्ट्रिब्युटेड अॅक्सेस’ आणि ‘व्हर्च्युअलायझेशन’ हे दोन शब्द इतके एका दमात उच्चारले जातात की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरले जाते. नोड डिजिटल करून हबमध्ये जुनेच अवजड सीएमटीएस ठेवता येते आणि काही कंपन्यांनी तसे केलेही. पण एकदा रेडिओचे काम नोडमध्ये गेले की सीएमटीएसकडे उरते ते पॅकेट मोजण्याचे, त्यांची पाळी लावण्याचे आणि ती सांकेतिक करण्याचे काम. ते करायला खास घडवलेल्या यंत्राची गरज नाही. बाजारात मिळणारा साधा सर्व्हर ते सॉफ्टवेअरने करू शकतो, आणि हेच व्हर्च्युअलायझेशन. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने हार्मोनिक या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मोठी भिस्त ठेवली आणि चार्टर या दुसऱ्या मोठ्या केबल कंपनीनेही पुढे तोच मार्ग धरला. आज या सॉफ्टवेअरचे लहान लहान भाग कुबरनेटीस या अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रणालीवर कंटेनरच्या, म्हणजे सुट्या पुडक्यांच्या, रूपात चालतात; एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरचे भाग दुसऱ्यावर उठतात.

माझ्या मते यातला सर्वांत मोलाचा फरक सॉफ्टवेअर बदलण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या सीएमटीएसच्या एका पेटीवर हजारो ग्राहक असत. तिचे सॉफ्टवेअर बदलायचे म्हणजे आठवडेच्या आठवडे आधी तयारी, रात्री बाराच्या पुढची वेळ, फोनवर निर्माता कंपनीचा माणूस, आणि काही बिघडले तर पहाटेच्या आत मागे फिरण्याची धडपड. साहजिकच असे बदल वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच होत आणि माहीत असलेल्या चुकांसह जाळे महिनोन्महिने चालत राही. आता नवे सॉफ्टवेअर आधी एका नोडगटावर, मग दहावर, मग एका गावावर अशा क्रमाने सोडता येते. पहिल्याच गटावर गडबड दिसली तर त्रास होतो तो शे-दोनशे घरांना. केबल क्षेत्रात वाढलेल्या माणसांना ही पद्धत सुरुवातीला बेफिकिरीची वाटते. मलाही ती सवय व्हायला वेळ लागला. पण चुका लहान ठेवून लवकर दुरुस्त करणे हे मोठ्या चुका क्वचित करण्यापेक्षा ग्राहकाच्या दृष्टीने बरे असते, हे बिघाडांच्या नोंदी पाहिल्यावर पटते.

दुसरा फरक बिघाड दिसण्याचा. परतीच्या मार्गावर एका नोडवरच्या सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होतो. चाळीतल्या सगळ्या घरांचे सांडपाणी शेवटी एकाच मोरीत यावे तसा. एखाद्या घरातल्या टीव्हीमागचा सैल कनेक्टर किंवा खारीने कुरतडलेली तार बाहेरच्या लहरी आत घेते आणि त्याचा फटका शेजारच्या शंभर घरांच्या अपलोडला बसतो. खारी ही इथली अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकेतल्या केबलवाल्यांचे त्या खरोखर पुष्कळ नुकसान करतात. पूर्वी तंत्रज्ञ खांबावर चढून एकेक शाखा तोडून पाहत असे. आता नोडमधले यंत्र स्वतःच परतीच्या पट्ट्याचे चित्र काढून पाठवते आणि मोडेमने स्वतःची लहर सुधारण्यासाठी वापरलेल्या आकड्यांवरून तारेतला दोष साधारण किती अंतरावर असावा हेही काढता येते. यातले काही जुन्या रचनेतही शक्य होते. पण सीएमटीएसच सॉफ्टवेअर झाल्यावर ही माहिती सतत आणि सगळ्या नोडकडून गोळा करणे सोपे झाले आणि गोंगाट वाढलेल्या पट्ट्यातली बिटसंख्या आपोआप कमी करून उरलेला पट्टा पूर्ण वापरणेही.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. जे यंत्र एसीच्या खोलीत होते ते आता खांबावर आहे. अॅरिझोनातल्या उन्हाळ्यात बंद धातूच्या डब्यात आणि मिनेसोटातल्या हिवाळ्यात शून्याच्या खूप खाली त्याला चालायचे आहे. त्याला वीज त्याच कोअॅक्स तारेतून मिळते आणि डिजिटल नोड जुन्या नोडपेक्षा जास्त वीज खातो; त्यामुळे हबमध्ये वाचलेली काही वीज रस्त्यावर खर्च होते आणि खांबावरच्या पॉवर सप्लायची व त्यातल्या बॅटऱ्यांची पुन्हा आकडेमोड करावी लागते. विक्रीच्या सादरीकरणात हबची बचत ठळक असते आणि ही आकडेमोड तळटीपेत.

घड्याळाचा प्रश्न तर पूर्णपणे नवा आहे. मोडेमनी आपापल्या पाळीने बोलायचे, तर पाळी लावणारा सर्व्हर आणि लहर बनवणारा नोड यांना वेळेचे एकच भान हवे. पूर्वी दोघे एकाच पेटीत होते. आता त्यांच्यामध्ये कित्येक मैल इथरनेट आहे, आणि आयईईई १५८८ या पद्धतीने जाळ्यातूनच दोघांना वेळ पुरवली जाते. नोड बदलण्याच्या रात्री याचा अनुभव हमखास येतो. तंत्रज्ञाने डब्याचे झाकण उघडून नवे मॉड्यूल बसवलेले असते, फायबर जोडलेले असते, नोडला पत्ता मिळालेला असतो, सर्व्हरशी त्याची ओळख पटलेली असते आणि तरीही पडद्यावर घड्याळ जुळत असल्याची ओळ मिनिटांमागून मिनिटे तशीच असते. ते जुळेपर्यंत एकही मोडेम वर येत नाही. ट्रकच्या उंच उचललेल्या बकेटमध्ये थंडीत उभा असलेला माणूस दर थोड्या वेळाने फोनवर एकच प्रश्न विचारतो आणि त्याला देण्यासारखे उत्तर कोणाजवळ नसते. पुढे वेळ पुरवणारे यंत्रच भरकटले तर एका नोडची नव्हे, संपूर्ण गावाची सेवा डळमळते. म्हणून शहाणी कंपनी घड्याळे दोन ठिकाणी ठेवते आणि त्यांच्यावर पहाराही ठेवते.

आणि जुने सेट-टॉप बॉक्स. हा विषय कंटाळवाणा आहे, पण कामाचा मोठा हिस्सा यातच जातो. त्यांचे नियंत्रण-संकेत डॉक्सिसहून वेगळ्या, जुन्या पद्धतीचे आहेत. कॉम्बायनर काढून टाकल्यावर ते नोडपर्यंत न्यायचे कसे, यासाठी त्या चिंचोळ्या लहरीचेही नमुने घेऊन इथरनेटवरून पाठवण्याची वेगळी सोय मानकात करावी लागली. तंत्रज्ञांच्या हातातल्या मीटरना लागणारे चाचणी-संकेतही असेच नव्याने तयार करावे लागले. म्हाताऱ्या ग्राहकाच्या दिवाणखान्यातला तो बॉक्स जाईपर्यंत ही सोय सांभाळणे भाग आहे.

पाळी लावण्याचे कामही नोडमध्येच न्यावे, असे मानणारा एक पक्ष आहे. त्या रचनेला ‘रिमोट मॅक-फाय’ म्हणतात. मोडेम आधी परवानगी मागतो, मग ती मिळाल्यावर बोलतो; परवानगी देणारा दूर असेल तर प्रत्येक वेळी त्या अंतराची जा-ये पडते. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरवरच्या सर्व्हरसाठी जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. खेळ आणि व्हिडिओ कॉलसाठी विलंबाची काटेकोर चर्चा चालू असताना हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि पाळी नोडमध्येच लागली तर घड्याळाची कटकटही कमी होते. तरीही मला रिमोट फाय जास्त व्यवहार्य वाटते. जे खांबावर आहे ते जितके साधे तितके बरे. अवघड आणि वारंवार बदलणारे सॉफ्टवेअर खोलीत असावे, जिथे ते बदलण्यासाठी कोणाला वर चढावे लागत नाही. सर्व्हर शंभर किलोमीटरवर ठेवण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

पैशाचे गणित या सगळ्याच्या मुळाशी आहेच. चार्टरने २०२२ च्या डिसेंबरमध्ये आपले जवळजवळ संपूर्ण जाळे सुधारण्यासाठी सुमारे ५.५ अब्ज डॉलरचा आराखडा जाहीर केला; तो घरामागे सुमारे १०० डॉलर पडतो. घरापर्यंत नवे फायबर नेण्याचा खर्च याच्या कित्येक पट आहे. वेळापत्रक नंतर पुढे गेले, हेही खरे. वीस वर्षांपूर्वी व्हेरायझनने फायबर देण्यास सुरुवात केली तेव्हा केबलवाले निवांत होते; आता एटीअँडटीचे फायबर आणि मोबाइल कंपन्यांचे घरगुती वायरलेस इंटरनेट या दोहोंच्या कात्रीत २०२४ मध्ये कॉमकास्ट आणि चार्टर या दोघांचेही ब्रॉडबँड ग्राहक घटले. डॉक्सिस ४.० चे मानक २०२० मध्ये आले. त्यात घराकडे १० गिगाबिट आणि घराकडून ६ गिगाबिटपर्यंतची तरतूद आहे. कॉमकास्टने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जपासून त्यावर आधारित दोन्ही दिशांना समान वेगाची सेवा सुरू केली. त्यांनी एकाच पट्ट्यातून दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलण्याचा मार्ग निवडला आहे. चार्टरने पट्ट्याची वरची हद्द १.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याचा निवडला आहे. दोन्हींना नोड डिजिटल असण्यावाचून गत्यंतर नाही. कॉमकास्टच्या मार्गात स्वतःच्याच बोलण्याचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकायचे असते, आणि हे काम दूरच्या हबमधून होऊ शकत नाही.

महाराष्ट्रातले मित्र विचारतात की, हे आपल्याकडे का दिसत नाही. मुंबई-पुण्यात हाथवेसारख्या कंपन्यांनी डॉक्सिसवर केबल ब्रॉडबँड दिले होते. पण इमारतीवरून इमारतीवर टांगलेल्या तारा, प्रत्येक भागातला वेगळा केबलवाला आणि परतीच्या मार्गावर कधीच न झालेली गुंतवणूक यांमुळे ते जाळे अमेरिकेसारखे खोलवर रुजले नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने हाथवे आणि डेन या दोन्ही कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, पुढच्या सप्टेंबरमध्ये जिओफायबर आले आणि स्थानिक केबलवाल्यांनीही सरळ फायबरच उचलले. दाट इमारती आणि डोक्यावरून तार टाकण्याची मुभा असताना कोअॅक्स वाचवण्यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता. इथे अमेरिकेत मात्र विखुरलेल्या उपनगरांत लाखो मैल कोअॅक्स जमिनीत आणि खांबांवर आहे, त्याची किंमत केव्हाच वसूल झाली आहे आणि ते उखडणे कोणालाच परवडत नाही.

कोअॅक्सचा हा डाव किती वर्षे चालेल याबद्दल माझ्या कार्यालयातही दोन तट आहेत. मला त्यात एक गोष्ट आश्वासक वाटते, ती अशी की नोडच्या ज्या डब्यात रिमोट फायचे मॉड्यूल बसते, तशाच डब्यात फायबरची थेट जोडणी देणारे मॉड्यूलही बसते आणि दोन्हींना मागून येणारे इथरनेट एकच असते. एखाद्या गल्लीत नवी वसाहत उभी राहिली किंवा शेजारी फायबरवाला आला, तर तेवढ्या घरांना त्याच नोडमधून फायबर देता येते. हबमध्ये नवी खोली बांधावी लागत नाही, सर्व्हरवर फक्त आणखी एक भाग चालवावा लागतो. ग्रामीण भागातल्या नव्या कामांत कंपन्या असे करूही लागल्या आहेत. आता वस्तीचा नकाशा घेऊन कुठे तार ठेवायची आणि कुठे काच, म्हणजे फायबर, न्यायची हे गल्लीगणिक ठरवता येते, आणि पुढची काही वर्षे आमच्या नियोजन-बैठका त्याच वादात जाणार आहेत.